नकाशा आधी, गाव नंतर

पश्चिम घाटाच्या संरक्षणाचा मसुदा केंद्र सरकारने ३१ जुलै २०२४ रोजी सहाव्यांदा राजपत्रात छापला. आदल्याच पहाटे वायनाडमध्ये डोंगर खचून वस्त्याच्या वस्त्या गाडल्या गेल्या होत्या, आणि मृतांचा आकडा पुढे दोनशेच्या वर गेला. मसुद्यात मात्र नवे म्हणावे असे फारसे नव्हते. सहा राज्यांतले मिळून ५६,८२५ चौरस किलोमीटर क्षेत्र, त्यात महाराष्ट्राचे १७,३४० आणि गोव्याचे १,४६१. मार्च २०१४ मध्ये पहिला मसुदा निघाला तेव्हाही हेच आकडे होते. मधल्या काळात २०१५, २०१७, २०१८ आणि २०२२ साली तोच मसुदा पुन्हा पुन्हा छापला गेला. दर वेळी हरकतींसाठी साठ दिवस, दर वेळी राज्यांची ‘आमची अमुक गावे वगळा’ अशी पत्रे, दर वेळी मुदत उलटणार आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. या दहा वर्षांत आंबेगाव तालुक्यातले माळीण, महाडजवळचे तळीये आणि खालापूरची इर्शाळवाडी ही तीन गावे एकट्या महाराष्ट्रात दरडीखाली गेली.

एवढे रखडले कशामुळे, असे विचारले की उत्तर तयार असते: खाणवाले, बिल्डर आणि त्यांच्या खिशातले पुढारी. हे उत्तर खोटे नाही, पण त्यात एक गोष्ट सुटते. संरक्षणाला विरोध करायला खाणवाल्यांना साध्या माणसांची गर्दी कशी मिळाली? ज्यांच्या विहिरीचे पाणी खाणीमुळे आटते, ज्यांच्या शेतात वरच्या डोंगराचा गाळ येऊन पडतो, ते लोक डोंगर वाचवणाऱ्या कायद्याच्या विरोधात रस्त्यावर का उतरले? माझे म्हणणे असे की या सगळ्या खटाटोपाचा क्रमच उलटा लागला. आधी दिल्लीत नकाशा झाला, मग गावांची यादी झाली, आणि सर्वांत शेवटी गावाला सांगितले गेले की हरकत असेल तर साठ दिवसांत कळवा. हरकत मागवणे आणि सहभाग घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नदीचे पाणलोट आणि तिच्या माथ्यावरचे डोंगर यांच्या रक्षणाचे नियोजन गावातून सुरू झाले नाही, तर ते कागदावरच राहते. कधी कोर्टाच्या हुकमाने ते अमलात आलेच, तर त्याचा ताबा गावाकडे येत नाही, शिक्के मारणाऱ्यांकडे जातो.

गंमत अशी की हे सगळे सांगणारा अहवाल सरकारकडे पंधरा वर्षांपूर्वीच पोचला होता. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ गट मार्च २०१० मध्ये नेमला गेला आणि ३१ ऑगस्ट २०११ रोजी त्याने अहवाल दिला. सुमारे १,२९,००० चौरस किलोमीटरचा घाट त्याने तीन प्रतींच्या संवेदनशील क्षेत्रांत विभागला. त्यासाठी सगळ्या घाटावर साधारण नऊ किलोमीटर लांब-रुंद चौकटींची जाळी टाकली आणि प्रत्येक चौकटीला गुण दिले. अशी एक चौकट कोकणात दोन-तीन खोऱ्यांवर पसरते, हे गटालाही ठाऊक होते. म्हणून अहवालाने स्वतःच्याच रेषा तात्पुरत्या ठरवल्या. अंतिम सीमा पाणलोटाच्या आणि गावशिवाराच्या हद्दींना धरून, ग्रामसभांशी बोलून ठरवाव्यात. काय चालेल आणि काय चालणार नाही हेही खालून वर ठरत यावे, अशी त्याची शिफारस होती. हा भाग वर्तमानपत्रांपर्यंत पोचलाच नाही. पोचणार कसा? अहवालच मंत्रालयाच्या कपाटात होता. माहिती अधिकारात तो मागितला गेला तेव्हा मंत्रालयाने नकार दिला. केंद्रीय माहिती आयोगाने तो खुला करायला सांगितले, तर मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि तिथे हरले. अखेर मे २०१२ मध्ये अहवाल लोकांसमोर आला. लोकांना विचारा असे सांगणारा कागद लोकांपासूनच नऊ महिने लपवून ठेवला गेला. त्या नऊ महिन्यांत अफवांना मोकळे रान मिळाले, आणि पुढच्या दहा वर्षांत ते बंद करता आले नाही.

अफवा कशावर पोसल्या हे समजून घ्यायचे तर कोकणातल्या, रायगड-ठाण्यातल्या सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ हा रकाना बघावा लागतो. महाराष्ट्रात १९७५ साली खाजगी वने संपादन करण्याचा कायदा झाला. त्याच्या कित्येक वर्षे आधी वन कायद्याच्या पस्तिसाव्या कलमाखाली नोटिसा निघाल्या होत्या. त्यातल्या अनेक जमीनमालकाच्या हाती पडल्याच नव्हत्या, किंवा पुढे काही कारवाई न होता तशाच पडून राहिल्या. तरीही दोन-तीन दशकांनी त्या आधारावर उताऱ्यांवर ‘खाजगी वन’ अशा नोंदी चढल्या. वडिलोपार्जित वरकस जमीन, तिच्यावर आंब्या-काजूची झाडे, आणि कर्जासाठी बँकेत उतारा नेल्यावर कळते की जमीन आपली राहिलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा नुसत्या नोटिशींच्या आधारे केलेली कारवाई टिकणार नाही असा निकाल दिला, पण तोवर एका पिढीची झोप उडाली होती. ज्याने हे पाहिले, त्याला ‘तुमचे गाव संवेदनशील क्षेत्रात आले आहे’ असे कुणी सांगितले तर तो पहिल्यांदा सातबारा काढायला धावतो. त्याला अडाणी म्हणणे सोपे आहे. पण मसुद्यात शेतीवर किंवा जमिनीच्या मालकीवर बंदी नाही, बंदी खाणी, दगडखाणी, वाळूउपसा, औष्णिक वीजप्रकल्प, अतिप्रदूषक उद्योग आणि वीस हजार चौरस मीटरवरची बांधकामे यांच्यावर आहे, हे त्याला मराठीत, गावात येऊन, कागद दाखवून सांगितले कुणी? भाषेचा हा प्रश्न दिल्लीला किती डाचतो ते २०२० साली दिसले. पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या नव्या मसुद्याचे आठव्या अनुसूचीतल्या बावीस भाषांत भाषांतर करा, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने दिला, आणि केंद्र सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले.

गाडगीळ अहवालावर गदारोळ झाल्यावर ऑगस्ट २०१२ मध्ये कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखाली दुसरा गट नेमला गेला. त्याचा अहवाल एप्रिल २०१३ मध्ये आला. या गटाने उपग्रहाच्या छायाचित्रांवरून घाटाचे ‘नैसर्गिक’ आणि ‘सांस्कृतिक’ असे दोन भाग केले. शेती, बागायती, वस्त्या असलेला जवळजवळ साठ टक्के भाग बाजूला काढला आणि सुमारे ३७ टक्के क्षेत्र संवेदनशील ठरवले. हा तोडगा व्यवहार्य म्हणून वाखाणला गेला. प्रत्यक्षात त्याने क्षेत्र कमी केले, पण क्रम तोच ठेवला, किंबहुना जास्त पक्का केला. कारण पहिल्या अहवालात निदान ग्रामसभेकडे जाण्याची वाट होती. इथे निकष असा लागला की महसुली गावाच्या क्षेत्राचा वीस टक्के किंवा अधिक भाग नैसर्गिक असेल, तर ते अख्खे गाव यादीत. म्हणजे माथ्यावरचा सडा, खालचे गावठाण, नदीकाठची भातखाचरे सगळी एका खुणेखाली. आणि शेजारचे गाव एकोणीस टक्के भरले म्हणून मोकळे, मग दोन्ही गावांचा ओढा एकच का असेना. पाणलोट असे गावाच्या हद्दीवर तोडता येत नाही. शिवाय ज्या जमिनीला उपग्रहाने ‘सांस्कृतिक’ म्हटले, त्यातल्या कित्येक देवराया गावांनीच शेकडो वर्षे राखलेल्या आहेत. गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना आढळले ते हेच: सरकारी खात्याने न राखलेले जंगल गावाच्या नियमाने टिकलेले.

लोकांना विचारले तर ते संरक्षणाला नाहीच म्हणणार, हा सर्वांत मोठा आक्षेप आहे आणि केरळचा दाखला त्यासाठी हमखास दिला जातो. तो दाखला दुबळा नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये इडुक्की आणि वायनाडमध्ये हरताळ झाले, चर्चने विरोधाचे नेतृत्व केले. गाडगीळ अहवालाची बाजू घेणाऱ्या इडुक्कीच्या काँग्रेस खासदाराला २०१४ मध्ये उमेदवारीच मिळाली नाही आणि ती जागा डाव्यांच्या पाठिंब्यावर उभ्या राहिलेल्या अपक्षाने जिंकली. केरळने मग स्वतःची समिती नेमली, पंचायतनिहाय पडताळणी केली आणि राज्याचे संवेदनशील क्षेत्र १३,१०८ वरून ९,९९३ चौरस किलोमीटरवर आणले. म्हणजे लोकांना विचारले आणि तीन हजार चौरस किलोमीटर गेले, असा हिशेब मांडला जातो. हिशेब बरोबर आहे, पण त्यात वेळ धरलेली नाही. केरळमध्ये लोकांना विचारले गेले ते यादी जाहीर झाल्यावर, हरताळ झाल्यावर, निवडणूक तोंडावर असताना. त्या घडीला माणसाच्या हातात एकच पर्याय उरतो, यादीतून नाव काढून घेण्याचा. आपल्या पंचायतीतला कुठला उतार धोक्याचा आहे आणि कुठली दगडखाण बंद व्हावी, हे विचारायला तेव्हा कुणी आलेच नव्हते. प्रश्नच ‘आत की बाहेर’ असा असेल तर उत्तर ‘बाहेर’ येणार, हे सांगायला समाजशास्त्र शिकावे लागत नाही.

उलट उदाहरण आपल्याच सिंधुदुर्गात आहे आणि त्याची चर्चा केरळच्या मानाने नगण्य झाली. सावंतवाडी आणि दोडामार्ग तालुक्यांतल्या २५ गावांनी ग्रामसभांत ठराव करून मागणी केली की आमची गावे संवेदनशील क्षेत्रात घ्या. हे ठराव गाडगीळ गटाच्या काळातले. त्यामागे कोणताही आदेश नव्हता, अनुदान नव्हते. लोहखनिजाच्या खाणी या भागात येऊ घातल्या होत्या आणि कळणे गावात खाण सुरूही झाली होती. खाणीचा अर्थ काय, हे शेजारच्या गोव्यात डोळ्यांसमोर होते: उघडे पडलेले डोंगर, लाल पाण्याचे ओहोळ, भातशेतीत गाळ. जुलै २०२१ मध्ये कळण्याच्या खाणीचा काही भाग खचला आणि पाणी-चिखल खालच्या घरांत आणि बागायतीत घुसला, तेव्हा त्या ठरावांमागचे शहाणपण ज्यांना दिसले नव्हते त्यांनाही दिसले. पण गावांनी स्वतःहून मागितलेले संरक्षण देण्याची सोय आपल्या यंत्रणेत नव्हती. जनहित याचिका झाली, २०१३ मध्ये उच्च न्यायालयाने दोडामार्ग तालुक्यात वृक्षतोडीवर बंदी आणली. ही गावे संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर करा, असा आदेश निघाला तो मार्च २०२४ मध्ये, तोही न्यायालयाकडून. सक्ती केलेल्या गावांना वगळून घेण्यासाठी राज्य दिल्लीला पत्रे लिहीत होते आणि मागणाऱ्या गावांना कोर्टाची पायरी चढावी लागत होती. लोक विरोधात आहेत म्हणून संरक्षण अडले, असे म्हणणाऱ्यांनी या २५ गावांचे काय करायचे ते सांगावे.

गोव्यात तर नियोजनाचा सगळा क्रमच एकदा बदलून पाहिला गेला. ‘प्रादेशिक आराखडा २०११’ या नावाच्या योजनेने डोंगर आणि शेतजमिनी बांधकामाला खुल्या केल्याचे लक्षात येताच २००६ च्या अखेरीस ‘गोवा बचाव अभियान’ उभे राहिले, आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारला आराखडा मागे घ्यावा लागला. नव्या आराखड्यासाठी नेमलेल्या कृतिदलात वास्तुविशारद चार्ल्स कोरिया होते. या दलाने गावोगाव नकाशे पाठवले आणि ग्रामपंचायतींकडून सूचना मागवल्या: शेत कोणते, खाजण कोणते, झरे कुठे, कुठला उतार मोकळा राहावा. गाडगीळ गटाने याच प्रयोगाचा नमुना समोर ठेवला होता. प्रयोग निर्दोष नव्हता. गावांनी सांगितलेले अंतिम नकाशात जसेच्या तसे उतरले नाही अशा तक्रारी झाल्या, आणि २०१२ मध्ये सरकार बदलल्यावर आराखडा स्थगित झाला. पण त्यातून दोन गोष्टी सिद्ध झाल्या. एक, नकाशा हातात दिला तर गाव तो वाचते. दुसरी, गावाचे म्हणणे बंधनकारक नसेल तर ते पुढच्या सरकारच्या एका सहीपुरतेच टिकते. या दुसऱ्या गोष्टीवर सारे अडते.

लोकांना पाणलोटातले काय कळते, असे विचारणारे तज्ज्ञ महाराष्ट्रात तरी कमी असायला हवेत. ‘माथा ते पायथा’ ही रीत या राज्यातली खेडी गेली चाळीस वर्षे राबवत आली आहेत: काम डोंगराच्या माथ्यावर सुरू करायचे, आधी समतल चर, मग बांध, नाल्यावरचे अडथळे शेवटी. पाणलोटाच्या चांगल्या कार्यक्रमांत शिवारफेरी होते ती अशी: गावकरी आणि तंत्रज्ञ मिळून गट नंबर घेऊन एकेका तुकड्यावर उभे राहतात, मातीची खोली, उतार, पाणी कुठून येते आणि कुठे जाते याची नोंद होते, आणि त्या तुकड्यावर काय करायचे हे शेतकऱ्याच्या समोर, त्याच्या होकाराने ठरते. नवरा-बायको दोघांनाही तिथे बोलावण्याचा आग्रह जिथे धरला गेला तिथे कामे टिकली, कारण बांधावरची झाडे आणि गुरांची चराई यांचा हिशेब बाईकडे असतो. हिवरे बाजारने पुढची पायरी गाठली. पाऊस मोजायचा, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा आणि त्यावरून पीक ठरवायचे. बोअरवेल शेतीसाठी नाही, ऊस नाही. दुष्काळी अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या गावाने स्वतःवर घातलेली ही बंधने कुठल्याही केंद्रीय अधिसूचनेपेक्षा कडक आहेत. तिकडे गडचिरोलीत मेंढा-लेखा गावाने वनहक्क कायद्याखाली अठराशे हेक्टरांवर जंगलाचा सामूहिक हक्क २००९ मध्ये मिळवला आणि बांबूची तोड कुठे, किती हे ग्रामसभाच ठरवते. उलट, इर्शाळवाडी ज्या रात्री गेली तेव्हा ती सरकारच्या दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. हे खुद्द सरकारनेच विधिमंडळात सांगितले. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसे बेपत्ताच राहिली. उपग्रह आणि भूगर्भशास्त्र नको असा याचा अर्थ नाही. डोंगरावर नवी भेग कधी पडली, कुठल्या झऱ्याचे पाणी अचानक गढूळ झाले, हे यादी करणाऱ्याला कळायला गावाला विचारण्यावाचून दुसरा कुठला रस्ता आहे?

ग्रामसभा म्हणजे काय, याबद्दल मात्र भाबडे राहून चालणार नाही. महाराष्ट्रात गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर, यांतली कमी असेल ती संख्या लागते. ती भरली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. पंधरा-वीस जणांनी केलेले ठराव ‘गावाचा ठराव’ म्हणून फिरतात, ते असे. कोकणात अर्धे गाव मुंबईला, जमिनीची विक्री गणपती-शिमग्याच्या सुट्टीत ठरते, आणि माथ्यावरचे धनगरवाडे, कातकऱ्यांच्या वाड्या सभेच्या जागेपासून तासाभराच्या चालीवर. दगडखाणीचा ठेका सरपंचाच्या भावाकडे असेल तर सभेत कोण बोलणार? हा आक्षेप खरा आहे, आणि त्यावर उतारा म्हणून वरून सक्ती करायची, तर तीही करून झाली. राष्ट्रीय हरित लवादाने लोक जैवविविधता नोंदवह्या पूर्ण करायला ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली, पुढे दरमहा दहा लाखांचा दंड. २०१६ साली देशभरात अशा नोंदवह्या दीड हजारही नव्हत्या. मुदतीच्या सुमारास त्या ९५ हजारांच्या घरात गेल्या. एवढ्या वेगाने गावाशी बोलून नोंदवही होत नाही, फक्त रकाने भरता येतात. ग्रामसभेचा दोष काढायचा तर उपाय ग्रामसभेतच करावा लागेल. अशा विषयासाठी तहकूब सभेची सवलत काढावी, महिला सभेचा ठराव स्वतंत्र नोंदवावा, वाडीवाडीची बैठक आधी व्हावी आणि ठरावाला नकाशा जोडलेला असावा. यातले एकही काम दिल्लीहून होणार नाही, पण मुंबईच्या विधानभवनातून सहज होईल.

लोकांना वगळून झालेले नियोजन स्वच्छ असते, हा समजही तपासून घ्यावा. महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून संवेदनशील क्षेत्र आहे. तिथल्या स्थानिकांना साधी विहीर खणायची तरी परवानगीसाठी चिरीमिरी मोजावी लागते, अशा तक्रारी गाडगीळ अहवालातच नोंदल्या आहेत. बड्या बंगल्यांची कामे मात्र अडत नाहीत. त्याच डोंगररांगेत सातारा जिल्ह्यातल्या २३५ गावांसाठी ‘नवीन महाबळेश्वर’ची आखणी झाली आणि त्यासाठी विशेष नियोजन प्राधिकरण नेमले गेले ते राज्य रस्ते विकास महामंडळाला. कोयनेचे पाणलोट, कासचे पठार, व्याघ्र प्रकल्पाची कड, आणि नियोजन रस्ते बांधणाऱ्यांकडे! इथेही लोकांचा वाटा तोच: तयार आराखड्यावर सूचना आणि हरकती.

आता सर्वांत अवघड आक्षेप. नदी एका गावाची नसते. माथ्यावरच्या गावाने स्वतःपुरते शहाणपण केले तरी खालच्याचे काय, आणि खालच्या शहरासाठी वरच्या गावाने आपली खाण का सोडावी? वाशिष्ठीचे खोरे घ्या. कोयनेचे पाणी घाट उतरून वीजगृहांतून बाहेर पडते आणि वाशिष्ठीला मिळते. म्हणजे कृष्णेच्या खोऱ्यातला निर्णय कोकणातल्या नदीत उतरतो. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडाले तेव्हा माथ्यावरची वृक्षतोड, पात्रातला गाळ, धरणाचा विसर्ग आणि भरती यांचा दोष एकमेकांवर ढकलत सगळे हात वर करून मोकळे झाले, कारण सगळ्या खोऱ्याचा विचार करणारी, सगळ्यांना एका ठिकाणी बसवणारी जागाच नव्हती. नागरिकांना गाळ काढण्यासाठी साखळी उपोषणाला बसावे लागले. त्याच खोऱ्याच्या मुखाशी, दाभोळच्या खाडीत, लोटे-परशुरामच्या रासायनिक वसाहतीचे सांडपाणी जाते. गाडगीळ गटाने तिथे मांडलेला हिशेब असा: वसाहतीत ११ हजार नोकऱ्या, आणि प्रदूषणाने बुडालेला २० हजार मच्छीमारांचा धंदा. या लोकांनी निषेध करायचा तर तीही पंचाईत. ऑगस्ट २००७ ते ऑक्टोबर २००९ या काळात रत्नागिरी जिल्ह्यात १९१ दिवस जमावबंदी होती, हेही त्याच अहवालात आहे. एका जिल्ह्यातले लोक दोन वर्षांत सहा महिने एकत्र जमू शकत नाहीत आणि मग त्यांच्या ‘सहभागा’ची वाट पाहायची!

म्हणून गावाच्या वर खोऱ्याची सभा हवी, आणि तिच्यात माथ्याच्या गावांना पायथ्याच्या शहराइतकाच आवाज हवा. कायद्याने आपल्याकडे नदीखोरे अभिकरणे आहेत. २००५ च्या जलसंपत्ती नियमन कायद्याने ज्यांना ते नाव दिले ती कृष्णा खोरे, तापी, कोकण, विदर्भ आणि गोदावरी-मराठवाडा ही महामंडळे धरणे बांधण्यासाठी जन्मलेली. त्यांच्या कारभारात धरणाचा ठेकेदार भेटेल, धनगरवाड्याचा माणूस भेटणार नाही. आणि नुसता आवाज पुरणार नाही, पैसाही वर जायला हवा. तिळारीच्या धरणातल्या पाण्याचा मोठा वाटा गोव्याला जातो; ते पाणी दोडामार्गच्या डोंगरांत मुरते, आणि त्या डोंगरांवर खाण नको म्हणणारी गावे रोजगार गमावतात. त्यांना पाणी पिणाऱ्याने काही द्यावे, ही भीक नव्हे, किंमत आहे. हिमाचलात पालमपूरच्या नगरपालिकेने हे छोट्या प्रमाणात करून दाखवले: शहराला पाणी देणाऱ्या बोहल झऱ्याच्या वरचे जंगल राखणाऱ्या गावांच्या समितीशी करार आणि दरवर्षी ठरलेली रक्कम. पुणे, सातारा, कोल्हापूर, चिपळूण यांच्या पाणीपट्टीत असा एक रकाना घालायला कोणत्या नव्या तंत्रज्ञानाची गरज आहे?

एवढे सगळे करायला वेळ लागेल, दरडी थांबणार नाहीत, आत्ता अधिसूचना काढा आणि मग लोकांशी बोला, असेही म्हणतात. २०११ मध्ये हे म्हणणे समजू शकले असते. त्यानंतर सहा मसुदे झाले. ग्रामसभांकडे तेव्हाच गेले असते तर दरवर्षी दोनशे गावे घेतली तरी आज महाराष्ट्रातली यादी संपत आली असती. आणि मोठ्या खाणी, अतिप्रदूषक कारखाने यांच्यावर तातडीची बंदी घालायला ग्रामसभेसाठी थांबण्याची गरज नाही. ती बंदी वेगळी काढता येते, कारण तिच्यामुळे कुणाच्या भातखाचराला हात लागत नाही. एकाच अधिसूचनेत सगळे कोंबल्यामुळे शेतकरी आणि खाणमालक एका बाजूला जाऊन बसले. डहाणूत १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने प्राधिकरण आले आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी ते चालवले. मच्छीमार आणि आदिवासी तिथे आपले म्हणणे मांडू शकत होते, आणि १९९८ मध्ये त्या प्राधिकरणाने वाढवण बंदराला नकार दिला. २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने त्याच बंदराला हिरवा कंदील दिला. वरून नेमलेली चांगली माणसे उपयोगी पडतात, पण ती गेली की निर्णयही फिरतो.

ग्रामसभेची एक ठरलेली तारीख २६ जानेवारी आहे. घाटमाथ्यावर किंवा कोकणात ज्यांचे गाव आहे आणि मतदार यादीत नाव आहे, त्यांनी सभेची नोटीस निघण्याआधी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे लेखी मागणी द्यावी: गावाचा गटवार नकाशा, झरे, ओढे, भेगा पडलेले उतार, देवराई आणि सड्यांच्या खुणांसह सभेसमोर ठेवावा, आणि खाण, दगडखाण व मोठे बांधकाम कुठे चालणार नाही याचा ठराव गट नंबरनिशी व्हावा. मुंबई-पुण्यात राहणाऱ्यांनी त्या दिवशी गावी जावे, म्हणजे सभा तहकूब होणार नाही. सातवा मसुदा आला तर हरकतीच्या पत्राला तो ठराव जोडता येईल. आणि नाही आला, तरी दगडखाणीचा पुढचा अर्ज ग्रामपंचायतीत येईल तेव्हा गावाच्या दप्तरात त्याचे उत्तर आधीच लिहिलेले असेल.